आदमपासून याकूबपर्यंत फक्त तीन भेटी

तरावीहच्या नमाजेत रोज एक पारा या हिशेबानं कुरआन ऐकलं जात असेल, तर विसाव्या रात्री ‘सूरह अन्कबूत’ कानांवर येते. तिच्या चौदाव्या आयतीत हजरत नूह (अ.) यांचा उल्लेख आहे. ते आपल्या लोकांमध्ये एक हजाराला पन्नास कमी इतकी वर्षं राहिले आणि मग त्या लोकांना प्रलयानं गाठलं, असं ही आयत सांगते. उर्दूत फार मोठ्या आयुष्याला ‘उम्र-ए-नूह’ म्हणतात ते यावरूनच. मराठीत आपण ‘शंभर वर्षांचा हो’ म्हणून थांबतो. उर्दू बोलणारी आजी एकदम साडेनऊशेवर जाते.

वर्गात हा विषय निघाला की मुलं विचारतात, ‘सर, माणूस ९५० वर्षं जगतो का?’ हल्ली प्रश्नासोबत मोबाइलवर आलेलं तयार उत्तरही असतं. कुणी सांगतं, तेव्हाचं वर्ष म्हणजे आपला महिना, सरळ १२नं भागा. कुणी सांगतं, तेव्हा हवा शुद्ध होती आणि अन्नात भेसळ नव्हती. दोन्ही उत्तरांत घाई आहे. आकडे आधी नीट वाचायला हवेत, आणि त्यासाठी कुरआनच्या बाहेर जावं लागतं. कुरआनमध्ये हजरत आदम (अ.) यांचं वय नाही, त्यांच्यापासून नूहपर्यंतच्या पिढ्यांची यादी नाही. ती यादी यहुद्यांच्या तौरातमध्ये, म्हणजे ख्रिस्ती बायबलच्या पहिल्या पुस्तकात, ‘उत्पत्ती’च्या पाचव्या अध्यायात आहे.

त्या अध्यायाची धाटणी एखाद्या नोंदवहीसारखी आहे. अमुक इतक्या वर्षांचा असताना त्याला मुलगा झाला, त्यानंतर तो इतकी वर्षं जगला, त्याचं एकूण वय इतकं झालं, आणि तो मेला. दहा पिढ्या, जवळजवळ एकाच साच्यात. आदाम १३० वर्षांचे असताना शेथ (आपले हजरत शीस) जन्मले आणि आदाम ९३० व्या वर्षी वारले. शेथ ९१२, अनोश ९०५, केनान ९१०, महललेल ८९५, यारेद ९६२. मग हनोख, ज्यांना मुस्लिम परंपरेत बहुतेक जण हजरत इद्रिस मानतात. ते फक्त ३६५ वर्षं, आणि त्यांच्यापुढे ‘मेला’ हा शब्द नाही. देवानं त्यांना नेलं. सौरवर्षाचे दिवस जितके, तितकी त्यांची वर्षं. त्यांचा मुलगा मथुशलह ९६९, म्हणजे सगळ्यांत दीर्घायुषी. मग लामेख ७७७ आणि शेवटी नोहा ९५०.

नोहांपाशी दोन ग्रंथांतला फरक दिसतो. बायबलमध्ये ९५० हे एकूण आयुष्य आहे. प्रलय आला तेव्हा ते ६०० वर्षांचे होते आणि पुढे ३५० वर्षं जगले. कुरआनच्या आयतीचा सरळ अर्थ घेतला तर ९५० वर्षं प्रलयाच्या आधीची आहेत, लोकांना समजावण्यात गेलेली. बायबलमधला ९५० सांगतो माणूस किती जगला. कुरआनमधला ९५० सांगतो त्यानं किती वर्षं धीर धरला.

आता त्या नोंदवहीकडे परत येऊ. पाचव्या अध्यायात वयांचे एकूण २८ आकडे आहेत. प्रत्येकाच्या एककाचा अंक पाहा. शून्य, पाच, दोन किंवा सात. एक, तीन, चार, सहा, आठ यांतला एकही अंक शेवटी येत नाही. अपवाद फक्त ९६९चा. अठ्ठावीस खऱ्या वयांची यादी ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदवहीतून काढली तर असं कधी होणार नाही. लोक अंदाजानं वय सांगतात तेव्हा शून्य आणि पाचाची गर्दी होते, हे आपल्याकडच्या जनगणनेतही दिसतं. पण दोन आणि सात कुठून आले? अभ्यासकांनी यातली रीत दाखवली आहे. प्रत्येक आकडा पाचाच्या पटीतला आहे किंवा त्यात सात मिळवलेले आहेत. मथुशलहच्या वयाचे दोन भाग, १८७ आणि ७८२, दोन्ही सात मिळवलेले. म्हणून त्यांची बेरीज तेवढी नऊवर संपते. पाच आणि सात हे त्या काळचे मानाचे अंक. हे आकडे कुणीतरी विचारपूर्वक रचलेले आहेत, असंच मला त्यातून दिसतं.

आणि ते एकदाच रचले गेले नाहीत. हिब्रू प्रतीनुसार आदामपासून प्रलयापर्यंत १६५६ वर्षं होतात. इसवी सनापूर्वी अलेक्झांड्रियाच्या यहुद्यांसाठी झालेल्या ग्रीक भाषांतरात तीच २२४२ होतात, कारण तिथे बहुतेक बापांचं वय मुलाच्या जन्मावेळी शंभरानं वाढवलेलं आहे. नाब्लसजवळच्या गरिज्जीम डोंगराला पवित्र मानणाऱ्या सामरी लोकांच्या तौरातमध्ये ती १३०७ आहेत. हजार वर्षांपूर्वी आपल्या अल-बिरूनीनं (‘किताब-उल-हिंद’वाला तोच) ‘आसार-उल-बाकिया’ या ग्रंथात या तीन तौरातांची वर्षं शेजारी शेजारी ठेवून तपासली होती. इतरांच्या धर्मग्रंथाकडे कुत्सितपणा न करता आणि डोळे न मिटता कसं पाहावं, याचा तो नमुना आहे.

तीन प्रती वेगळ्या का, याचं एक कारण मथुशलहमध्ये दडलेलं दिसतं. ग्रीक प्रतीची बेरीज केली तर मथुशलह प्रलयानंतरही १४ वर्षं जगतो. आता नौकेत तर फक्त नोहा, त्यांची बायको, तीन मुलगे आणि सुना होत्या. मग हा म्हातारा पाण्यावर कुठे तरंगत होता? चर्चच्या विद्वानांत हा प्रश्न गाजला; संत जेरोम आणि संत ऑगस्टीन दोघांनीही त्यावर लिहिलं आहे. हिब्रू प्रतीत मथुशलह बरोबर प्रलयाच्याच वर्षी मरतो. सामरी प्रतीत यारेद, मथुशलह आणि लामेख असे तिघे त्याच वर्षी मरतात. कुणी नौकेबाहेर जिवंत उरू नये याची काळजी नकलकारांनी घेतलेली दिसते. तल्मूदच्या विद्वानांनी मात्र त्या म्हाताऱ्याला बुडू दिलं नाही. त्यांच्या मते तो आधीच वारला, आणि त्याच्या सुतकाचे सात दिवस पाळले जावेत म्हणून देवानं प्रलय सात दिवस थांबवला. आकड्याच्या अडचणीतून अशी माणुसकीची गोष्ट निघालेली मला फार आवडते.

याच आकड्यांवर पुढे कालगणना उभ्या राहिल्या. यहुदी पंचांगाचं वर्ष आदामपासून मोजतात. सप्टेंबर २०२५मध्ये त्यांचं ५७८६ सुरू झालं, आणि आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल कुटुंबांच्या सणावारांतही तेच वर्ष धरतात. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५०मध्ये बेरीज करून जगाचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४मध्ये ठरवला. ती तारीख पुढे इंग्रजी बायबलांच्या समासात छापली जाऊ लागली आणि श्रद्धाळू लोक तिलाच ग्रंथाचा भाग समजू लागले. समासातला मजकूर मूळ मजकुरात मिसळतो तो असा.

बारानं भागण्याचा उपाय मात्र टिकत नाही. महललेल आणि हनोख ६५ व्या वर्षी बाप झाले. बारानं भागा, सव्वापाच-साडेपाच वर्षांची पोरं बाप झाली म्हणायची. अब्राहाम १७५ वर्षं जगले. ते साडेचौदाव्या वर्षी म्हातारे होऊन वारले म्हणायचं का? ऑगस्टीनच्या काळीही लोक दहानं भागत होते. पाचव्या शतकात त्यांनी त्यांना हाच हिशेब दाखवला, शिवाय प्रलयाच्या कथेत महिन्याची सत्ताविसावी तारीख येते, म्हणजे तेव्हाचा महिना आपल्यासारखाच होता, हेही दाखवलं.

मग इतके मोठे आकडे आले कुठून? शेजाऱ्यांकडे पाहायला हवं. ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात चार बाजूंनी कोरलेली एक भाजक्या मातीची वीट आहे. तिच्यावर सुमेरच्या राजांची यादी आहे. प्रलयापूर्वी पाच नगरांत आठ राजे झाले आणि त्यांनी मिळून २,४१,२०० वर्षं राज्य केलं, असं ती सांगते. पहिला राजा अलुलिम, एकटा २८,८०० वर्षं. यादीतला सातवा राजा सिप्परचा, आणि सिप्पर हे सूर्यदेवाचं नगर. ‘उत्पत्ती’च्या यादीतही सातवे ते ३६५ वर्षांचे हनोख. नंतर बेरोसस नावाच्या बाबिलोनी पुजाऱ्यानं ग्रीकमध्ये हाच इतिहास लिहिला, त्यात दहा राजे आहेत आणि ४,३२,००० वर्षं. हा आकडा मराठी वाचकांना ओळखीचा वाटेल. पंचांगात कलियुगाचा काळ तितकाच असतो.

या यादीच्या शेजारी ठेवलं की बायबलचे आकडे मोठे वाटेनासे होतात, उलट आवरलेले वाटतात. सुमेरच्या यादीत राजे आहेत आणि त्यांची राजवट आहे. ‘उत्पत्ती’च्या यादीत एकही राजा नाही. तिथे मोजलं जातं ते बापपण: कितव्या वर्षी मुलगा झाला आणि त्यानंतर किती वर्षं तो आणि मुलगा एका जगात राहिले. हजाराचा आकडाही कुणाला ओलांडू दिलेला नाही.

या ‘त्यानंतर किती वर्षं’मध्येच मला या यादीचं मर्म दिसतं. हदीसशास्त्रात ज्याला ‘सनद’ म्हणतात, तिची सवय असलेला माणूस ही यादी वेगळ्या नजरेनं वाचतो. सनद म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी. ही गोष्ट मला अमक्यानं सांगितली, त्याला तमक्यानं, आणि शेवटी थेट प्रेषितांपर्यंत. साखळीत माणसं जितकी कमी, तितकी सनद ‘आली’, म्हणजे उंच. इमाम बुखारी प्रेषितांनंतर सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी वारले, तरी त्यांच्या संग्रहात काही हदीस अशा आहेत की मधे फक्त तीन माणसं. त्या हदीसांना ‘सुलासियात’ असं खास नाव आहे आणि विद्यार्थी त्या अभिमानानं शिकतात.

आता हिब्रू प्रतीचे आकडे घेऊन कागदावर मांडा. मथुशलहचा जन्म आदामच्या ६८७ व्या वर्षी. आदाम ९३० पर्यंत होते, म्हणजे दोघे २४३ वर्षं एकाच काळात जगले. नोहांचा मुलगा शेम प्रलयाच्या वेळी ९८ वर्षांचा होता, म्हणजे त्यानं मथुशलहला ९८ वर्षं पाहिलं. शेम ६०० वर्षं जगला. तो वारला तेव्हा अब्राहामचा नातू याकोब, म्हणजे हजरत याकूब, ५० वर्षांचे होते. आदाम, मथुशलह, शेम, याकोब. दोन हजारांहून अधिक वर्षं, मधे फक्त दोन माणसं, आणि तीन भेटी.

हा हिशेब माझ्या डोक्यातून निघालेला नाही. तल्मूदमध्ये म्हटलं आहे की सात माणसांनी मिळून सगळ्या जगाचा काळ कवेत घेतला: मथुशलहनं आदामला पाहिलं, शेमनं मथुशलहला, याकोबनं शेमला, मोशेंचे वडील अम्राम यांनी याकोबला, पुढे अहिया, आणि शेवटी एलिया. म्हणजे दीर्घायुष्याकडे ते चमत्कार म्हणून पाहत नव्हते, साक्षीदार म्हणून पाहत होते. बागेतून बाहेर पडलेल्या पहिल्या माणसानं काय सांगितलं, हे याकोबपर्यंत पोहोचायला फार तोंडं लागली नाहीत. हदीसशास्त्राच्या अंगानं एक गंमत सांगायची तर, इमाम मुस्लिम यांना दोघे समकालीन आणि भेट शक्य असणं पुरतं. इमाम बुखारींना भेट झाल्याचा पुरावा लागतो. ‘उत्पत्ती’त मथुशलह आदामला भेटल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. बुखारींच्या कसोटीला ही सनद उतरायची नाही!

मुस्लिम परंपरेनं ही नावं जपली आहेत. इब्न हिशाम यांनी संपादित केलेल्या प्रेषितचरित्राच्या आरंभीच जी वंशावळ येते, तीत इब्राहीमपासून मागे जात ताारिह, नाहूर, साम, नूह, लमक, मतूशलख, अखनूख, यर्द अशी नावं भेटतात. तीच यादी, अरबी उच्चारात. मात्र प्रेषितांच्या वंशात अदनानच्या पलीकडे खात्री नाही, असं अनेक मुस्लिम विद्वानांनी स्पष्ट नोंदवून ठेवलं.

कागदावर मांडणी करताना आणखी एक गोष्ट दिसते, आणि तिनं मला थोडं अस्वस्थ केलं. प्रलयानंतर वयं झपाट्यानं उतरतात. अर्पक्षद ४३८, एबर ४६४, पेलेग २३९, सरूग २३०, नाहोर १४८. पण आधीच्या पिढीचे म्हातारे अजून जिवंत आहेत. त्यामुळे बेरीज केली की कळतं, नोहांच्या हयातीत त्यांचा पाचव्या पिढीचा वंशज पेलेग वारला, आणि आठव्या पिढीचा नाहोरही वारला. नोहा वारले तेव्हा अब्राहाम ५८ वर्षांचे होते. शेमची गोष्ट तर याहून जड आहे. त्याच्यापासून अब्राहामपर्यंत नऊ वंशज. त्यातला एबर सोडला तर बाकी आठही जण शेमच्या डोळ्यांदेखत गेले. खुद्द अब्राहाम वारल्यानंतरही शेम ३५ वर्षं होता. ‘उम्र-ए-नूह’चा आशीर्वाद देताना हे कुणाच्या मनात नसतं. पणतवंडांच्या पणतवंडांना मूठमाती द्यायला जिवंत राहणं, हाही त्या आशीर्वादाचाच भाग आहे. आपल्याकडे एखाद्या घरात तरुण मुलगा जातो आणि ऐंशी वर्षांची आजी ‘मला का ठेवलंस’ म्हणत बसते, तेव्हा तिचं शेमशी नातं असतं.

आयुष्यं पुढे आणखी आखडत गेली. इसहाक १८०, याकोब १४७, योसेफ ११०, मोशे १२०. म्हातारे याकोब मिसरच्या फारोपुढे उभे राहतात तेव्हा फारो वय विचारतो. ते १३० सांगतात आणि वर म्हणतात की माझे दिवस थोडे आणि कष्टाचे गेले, वाडवडिलांइतकी मजल मारली नाही. आपल्या काळात नोंदींच्या आधारे मान्य झालेलं सर्वांत मोठं वय फ्रान्सच्या जान कालमां या बाईंचं, १२२ वर्षं. त्या १९९७मध्ये वारल्या. त्यांच्यापेक्षा आठ वर्षं मोठा माणूस आपलं आयुष्य थोडं म्हणतोय. मोशेंच्या नावावर असलेलं नव्वदावं स्तोत्र तर माणसाला सत्तर, आणि फार झालं तर ऐंशी वर्षं देतं. प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीसही तिथंच येते: माझ्या उम्मतची वयं साठ ते सत्तरच्या दरम्यान. चौदाव्या शतकात इब्न खल्दूननं ती आपल्या ‘मुकद्दिमा’त नोंदवली. घराण्याची प्रतिष्ठा चार पिढ्यांत संपते, असं सांगताना त्यानं कारण दिलंय ते असं: पहिला ती कमावतो, दुसऱ्यानं बापाला कमावताना पाहिलेलं असतं, तिसरा नुसती नक्कल करतो, आणि चौथ्याला वाटतं ती जन्मानंच मिळते. पाहिलेलं माणूस संपलं की गोष्टही संपते.

रमजानशी या साऱ्याचा थेट धागा इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त आहे. प्रेषितांना आधीच्या लोकांची आयुष्यं दाखवली गेली, तेव्हा आपल्या उम्मतची आयुष्यं त्यांना फार तोकडी वाटली. इतक्या थोड्या वर्षांत ही माणसं त्यांच्याइतकी सत्कर्मं कशी करणार? तेव्हा अल्लाहनं ‘लैलतुल कद्र’ दिली, हजार महिन्यांहून श्रेष्ठ अशी एक रात्र. हजार महिने म्हणजे ८३ वर्षं ४ महिने. साठ-सत्तर वर्षांच्या माणसाला एका रात्रीत त्याच्या आयुष्याहून मोठं आयुष्य.

आयुष्य देण्या-घेण्याची एक गोष्ट खुद्द आदमची आहे, आणि ती यहुदी आणि मुस्लिम दोघेही सांगतात. आदामचं वय ९३० का, हजार का नाही, याचं उत्तर यहुदी मिद्रश असं देतात: त्यांना हजारच मिळाली होती. आपल्या पुढच्या पिढ्या पाहताना त्यांना दावीद दिसले, ज्यांच्या वाट्याला जवळजवळ काहीच आयुष्य नव्हतं. आदामनी आपली ७० वर्षं त्यांना दिली. एका कथेत तर त्याचं रीतसर दानपत्र लिहून सह्या झाल्या आहेत. तिर्मिजींच्या हदीस संग्रहातही हजरत आदम हजरत दाऊदना आपल्या हजार वर्षांतली काही देतात, एका रिवायतीत ४०, दुसरीत ६०. दोन्हींत दाऊदची शंभर पूर्ण होतात. ‘मेरी उमर तुझे लग जाए’ म्हणतो तेव्हा आपण नकळत तेच म्हणतो. पुढे मृत्यूचा फरिश्ता आला तेव्हा हजरत आदम म्हणाले, अजून माझी वर्षं शिल्लक आहेत ना? फरिश्ता म्हणाला, ती तुम्ही दाऊदला देऊन टाकलीत. हजरत आदमना ते आठवेना. जवळजवळ हजार वर्षं जगलेला माणूस आपण दिलेलं विसरला होता, आणि त्याची लेकरंही तेव्हापासून विसरतात. त्याच दिवसापासून देणं-घेणं लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार घेण्याचा हुकूम झाला, असं ही रिवायत सांगते.